बांबोळी, दीड टेस्ला

अंगावर धातूचं काही आहे का, मी विचारते.
दिवसाला चौदा वेळा विचारते.
रोझेल, दिवाडीची, वय सत्तावीस,
गळ्यातला क्रूस काढते, कानातलं काढते,
मग थांबते.
हुक आहे. चालेल?
नाही चालणार, बाय. हा गाऊन घे.

गाऊनवर थोड्या वेळानं दोन ओले डाग, रुपयाएवढे.
लग्न नाही, मूल नाही, आणि दूध येतंय.
आई आठ दिवस बोलली नाही तिच्याशी.
नोवेना झाला, तेव्हा कुठे
कुणीतरी रक्त तपासायला सांगितलं.
कागदावर प्रोलॅक्टिन,
आकड्यापुढे वर जाणारा लाल बाण.

आता आम्ही तिच्या डोक्यात वाटाणा शोधणार.
वाटाण्याएवढी ग्रंथी,
आणि असलीच तर तिच्यात कणीएवढी गाठ.
दूध, पाळी, उंची, सगळ्या कागदांवर
या वाटाण्याची सही लागते.

लोक यंत्र म्हणतात. मी चुंबक म्हणते.
यंत्र बंद होतं, चुंबक होत नाही.
चवथीला नाही, नाताळला नाही,
वीज गेली तरी नाही.
सगळे घरी गेल्यावर काचेपलीकडे अंधारात
तो जागा असतो, गप्प.
एकदा तुळसाबाईच्या हातातली लोखंडी बादली
उडाली आणि त्याला जाऊन चिकटली.
तेव्हापासून ती दारातूनच नमस्कार करते.

माझी पाळी मार्चपासून आली नाही.
चाळिशी लागायला अजून वेळ आहे.
डॉक्टर म्हणाल्या, रात्रपाळी.
शरीर अंधारात एक हार्मोन गाळतं,
तुम्ही त्याला अंधारच ठेवला नाहीत.
(एका पाळीनं दुसरी खाल्ली, असं मला वाटून गेलं.)
मी विचारलं, आणि चुंबक?
त्या पेन फिरवत राहिल्या.
उंदरांवर झालंय काहीबाही.
काही प्रयोगांत फरक पडला, काहींत नाही.
माणसांच्या बाबतीत...
वाक्य तिथेच सोडून
त्यांनी मला लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.
लोहाच्या.
मी हसले. त्या नाही हसल्या.

माझे बाबा, सोयरू तांडेल,
सारमानसहून खनिजाची बार्ज मुरगावला न्यायचे.
"पोट भरलें की सुई पिशी जाता," म्हणायचे.
मग काय करता?
मग सुईला विचारायचंच नाही.
रेइश मागूशची पांढरी भिंत बघायची,
आग्वादचा दिवा, पाण्याचा रंग.
येताना बार्ज रिकामी, सुई पुन्हा शहाणी.
ती खोटं बोलत नव्हती, हे आता कळतं.
तिला उत्तरेपेक्षा
जवळचं लोखंड जास्त खरं वाटत होतं.

मांद्र्याच्या किनाऱ्यावर एकजण
चुंबकाची कडी विकतो, बाराशेला एक,
घातलं की म्हणे हार्मोन्स ताळ्यावर.
आणि शेल्ड्याची माझी नणंद
गरोदर सुनेला मागच्या खोलीत झोपू देत नाही,
वरून उच्चदाबाच्या तारा जातात.
एकीला भय, एकाचा धंदा.
माझा महिन्याच्या एक तारखेचा पगार.

रोझेल, हलू नको. आता आवाज होईल.
खण्, खण्, खण्,
गोदीत पत्रा ठोकल्यासारखा.
पडद्यावर करड्यात करडं उमटत येतं,
आणि वाटाण्याच्या डाव्या कडेला
मला एक गोष्ट दिसते
जी सांगायचा मला अधिकार नाही.
बाहेर आल्यावर ती क्रूस मुठीत धरून विचारते,
दिसलं काही?
डॉक्टर सांगतील, बाय.
गोळीनं बरं होतं बहुतेक, एवढं मात्र
मी नियम मोडून सांगते.

पहाटे चारला मी बाहेर काजूखाली बसते,
फोन पालथा घालते,
तासभर अंधार घेते, औषधासारखा.
लागू पडेल, न पडेल.

परत आत जाताना दारात थांबते.
केसांत विसरलेला आकडा
किंचित ओढला जातो,
कुणी हळूच बोलावल्यासारखा.
एवढंच मला नक्की ठाऊक आहे.